सटवाजी वाव्हळे यांनी सिनेमात केलेले काम

जबाब, दिनांक ११ मे १९७३, शुक्रवार. सकाळी साडेदहा वाजता लिहिण्यास सुरुवात.

नाव सगुणाबाई भ्रतार सटवाजी वाव्हळे. वय अंदाजे अडतीस वर्षे. धर्म बौद्ध. धंदा मजुरी. शिक्षण नाही. राहणार मौजे आडगव्हाण, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी.

मी वर लिहिलेली बाई पोलीस स्टेशनात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी, माझे पती सटवाजी व मुलगी सुनेत्रा असे तिघे राहत होतो. सुनेत्रा सोळा वर्षांची असून नववीत शिकते. तिच्या पाठचे दोन मुलगे लहानपणीच वारले. आम्हाला शेती नाही. गेली दोन वर्षे पाऊस नसल्याने आम्ही नवरा-बायको गावापासून तीन मैलांवर पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होतो.

माझ्या पतींकडे वडिलांपासून गावची येसकरकी होती. निरोप पोचवायचे, चावडीपुढे बसून राहायचे, मेलेले जनावर ओढून गावाबाहेर न्यायचे आणि सांजेला दारोदार भाकर मागायची, हे येसकराचे काम. मोठ्या माणसापुढे गेले की जोहार करावा लागे. म्हणजे कंबरेत वाकून हात मातीला लावायचा, कपाळाला लावायचा आणि "जोहार मायबाप" म्हणायचे. सन १९५६ साली माझे पती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी येसकराची काठी चावडीत ठेवली आणि "ही तुमची तुमाला" असे सांगितले. त्यावरून गावाने आमच्या वस्तीशी सात महिने व्यवहार बंद ठेवला. दळण डोक्यावर घेऊन जिंतूरला जावे लागे. सुनेत्रा तेव्हा पोटात होती. त्यानंतर माझे पती कोणापुढे वाकलेले मी पाहिले नाहीत. चावडीवर बोलावले तरी ते ताठ उभे राहून बोलत. त्यांना त्याबद्दल गावात बरेच ऐकून घ्यावे लागले, पण वाकले नाहीत.

दिनांक २६ फेब्रुवारी, सोमवारी गावात सिनेमाची कंपनी आली. तीन मोटारी, एक ट्रक आणि लाइटीचे इंजिन होते. कंपनीची मोठी माणसे माधवराव यांच्या घरी उतरली. माधवराव हे गावातले मोठे बागायतदार असून गावात त्यांचा शब्द चालतो. कंपनीत बन्सीधर नावाचे गृहस्थ होते. गर्दीसाठी माणसे जमवणे हे त्यांचे काम. सुरुंगाची दारू न आल्याने त्या आठवड्यात तलावाचे काम बंद होते. बन्सीधर आमच्या वस्तीत आले आणि म्हणाले, "हा तुमच्याच लोकांच्या दुःखाचा सिनेमा आहे. नुसतं चालायचं, बसायचं. मजुरी मिळेल आणि दोन वेळचं जेवण." वस्तीतली बहुतेक माणसे गेली. मीही गेले.

मला रिकामी घागर घेऊन पिंपळापासून आडापर्यंत चालायचे काम दिले. फोटो घ्यायच्या मशीनकडे बघायचे नाही असे सांगितले. मी नवे लुगडे नेसून गेले होते. ते चालणार नाही म्हणून एका माणसाने त्यावर माती टाकली आणि हाताने चोळली. असे पाच दिवस काम केले. जेवण पोटभर मिळाले. सुनेत्राही शाळा बुडवून येत असे.

त्या सिनेमातला हिरो फार मोठा नट आहे. त्यांचे नाव मी सांगितले. परंतु ते इथे लिहिण्याची जरुरी नाही असे मला सांगण्यात आल्याने लिहिलेले नाही. त्यांना बघायला पाथरी, जिंतूर, परभणीहून माणसे एसटीने येत होती. सुनेत्राने जिंतूरच्या जत्रेत तंबूमध्ये त्यांचा सिनेमा बघितला होता. ते बोलायला लय गोड होते. आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना ते बाबा म्हणत. वस्तीत सुलाबाई म्हणून आंधळी म्हातारी आहे, तिने त्यांच्या तोंडावरून हात फिरवला तर ते मुकाट बसून राहिले.

सिनेमात एक म्हातारा येसकर मेलेला बैल ओढत आणतो, इनामदाराच्या ओट्यापुढे जोहार करतो, आणि हिरो, जो शाळेचा मास्तर झाला आहे, त्याला उचलून उभा करतो, असा एक सीन होता. त्यासाठी मुंबईहून एक माणूस आणला होता. दिनांक ३ मार्च, शनिवारी त्याला बैलाच्या वासाने उलट्या झाल्या आणि त्याला मोटारीने परभणीला नेले. तो जोहार करायचा तोही देवाच्या पाया पडल्यासारखा. दिग्दर्शकाने गर्दीला विचारले, "हे कोणाला येतं का?" सगळ्यांनी माझ्या पतींकडे बघितले. ते म्हणाले, "मला येत न्हाई," आणि घरी निघून आले.

त्याच दिवशी सायंकाळी पाचच्या सुमारास हिरो चालत आमच्या घरी आले. बरोबर बन्सीधर होते. हिरो पोत्यावर बसले. त्यांनी पाणी मागितले. तेव्हा टँकरच्या दोन घागरी पाणी दिवसाला मिळत होते. मी तांब्या भरून दिला तो त्यांनी सगळा संपवला. मग पुढीलप्रमाणे बोलणे झाले.

हिरो म्हणाले, "बाबा, हे तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही."

माझे पती म्हणाले, "साहेब, मी ते सोडलंय."

"म्हणून तर तुम्ही हवेत. हे पडद्यावर बघून लोकांची मान शरमेनं खाली जाईल."

"लोकांची मान खाली घालायला मी माझी कशापायी घालू?"

त्यावर हिरोने तांब्या खाली ठेवला. मग बन्सीधर म्हणाले, "लांबून घेऊ. तोंड दिसणार नाही. कोण आहे ते कळणारसुद्धा नाही."

सुनेत्रा दारात उभी होती. ती म्हणाली, "करा की बाबा. ते तुमाला उचलून धरणार हायेत." माझे पती माझ्याकडे बघू लागले. मी म्हणाले, "एक दिवसाचं तर हाय. आन् खोटंच हाय."

ते म्हणाले, "खोटं कसं करायचं ते मला येत न्हाई, सगुणा." परंतु नंतर त्यांनी हिरोला बरं म्हटले.

दिनांक ४ मार्च, रविवारी सकाळी दहा वाजता माधवरावांच्या घरापुढे शूटिंग सुरू झाले. इनामदार झालेला नट ओट्यावर गादीवर बसला होता. त्याच्या आजूबाजूला बसायला गावातली माणसे पाहिजे होती. तिथे माधवराव आणि त्यांचे धाकटे भाऊ अप्पाराव स्वतःच्या हौसेने पटके बांधून बसले. बैल माधवरावांचाच होता, वैरणीवाचून आदल्या दिवशी सकाळी मेलेला. माझ्या पतींना धोतर सोडून लंगोटी घालायला सांगितली. बाकी चौघे मागून ढकलत होते आणि माझे पती पुढे दोर खांद्यावर घेऊन होते. ओट्यापुढे आल्यावर दोर टाकून त्यांनी जोहार केला. हिरो गर्दीतून धावत आले आणि "उठा बाबा" म्हणून त्यांना उचलले.

असे सात वेळा केले. एकदा मध्ये कुत्रे आले. एकदा ढग आला. एकदा हिरोच बोलायचे विसरले. दर वेळी बैल ट्रकला बांधून मागे नेत होते आणि माझे पती पायी मागे जात होते. सहाव्या वेळेला मशीन पुढे आणून त्यांच्या तोंडाजवळ ठेवले. त्यांनी दिग्दर्शकाला विचारले, "तोंड दिसणार न्हाई म्हणला होता न्हवं?" त्यावर, उन्हे उतरायला लागली आहेत, लवकर करा, असे उत्तर मिळाले. सातव्या वेळेला बरोबर झाले असे सांगितले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ओट्यावर माधवरावही टाळ्या वाजवत होते. मी गर्दीत घागर घेऊन उभी होते. त्या सीनमध्ये मीही असेन.

हिरोने माझ्या पतींना मिठी मारली आणि म्हणाले, "बाबा, असं काम मुंबईत कोणी करणार नाही. कुठं शिकलात हो?"

माझे पती म्हणाले, "ह्याच ओट्यापुढं."

हिरोच्या डोळ्यांत पाणी आले, हे मी जवळून पाहिले. त्यानंतर त्यांची मोटार आली. कंपनी गुरुवारी गाव सोडून गेली. घरी आल्यावर माझ्या पतींनी दोन्ही घागरींचे पाणी अंगावर घेतले. त्या रात्री आम्ही पाणी शेजारून मागून आणले.

नंतर गावातली लहान मुले माझे पती दिसले की "जोहार मायबाप" म्हणून ओरडू लागली. मोठी माणसे हसत. तलावाच्या कामावर मुकादम हजेरी पुकारताना वाव्हळे असे न म्हणता येसकर असे म्हणू लागला. एक दिवस तो म्हणाला, "सिनेमावाल्याला करून दाखवतो, आमाला न्हाई का दाखवणार? जोहार कर, मग हजेरी लावतो." माझे पती हातोडा खाली ठेवून परत आले. नंतर कामावर गेले नाहीत. मी एकटी जात होते.

दिनांक १० एप्रिल रोजी आमच्या वस्तीची बैठक झाली. माझे चुलत दीर नागनाथ वाव्हळे हे वस्तीचे पुढारी आहेत. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत निळा झेंडा दरवर्षी माझे पती धरत असत. नागनाथ बैठकीत म्हणाले, "दादा, औंदा झेंडा दुसरं कुणीतरी धरंल." माझे पती "बरं" म्हणाले. एवढेच बोलणे झाले. मिरवणूक आमच्या दारावरून गेली तेव्हा ते घरात दाराला पाठ लावून बसले होते. मी आणि सुनेत्रा गेलो नाही. त्या दिवसापासून ते वस्तीतही कोणाकडे बसायला गेले नाहीत. सुनेत्राशी नीट बोलत. तिला एकदा म्हणाले, "तुझी चूक न्हाई त्यात." तिने जेवण टाकले.

दिनांक ७ मे, सोमवारी सकाळी सातच्या सुमारास अप्पाराव आमच्या दारात आले आणि म्हणाले, "सटव्या, बैल मेलाय. ओढून टाक."

माझे पती म्हणाले, "आमी सोडलंय ते, मालूम हाय तुमाला."

अप्पाराव म्हणाले, "दोन महिन्यांखाली न्हवतं सोडलं? सगळ्या गावानं बघितलंय. फोटूत हाय."

माझ्या पतींनी दार लावून घेतले. दुपारी बाराच्या सुमारास माधवरावांच्या ट्रॅक्टरने तो बैल आणून आमच्या दारापासून चार हातांवर सोडला. ट्रॅक्टर कोण चालवत होते ते मी सांगितले आहे व ते वेगळ्या कागदावर लिहून घेतले आहे.

दिनांक ८ रोजी मी चालत इथे तक्रार द्यायला आले होते. जमादार बंदोबस्ताला गेले आहेत, दोन दिवसांनी या, असे मला सांगण्यात आले. बैल तसाच होता. ऊन फार होते. घरात दोन दिवस चूल पेटवली नाही. सुनेत्राला ताप आला व उलट्या होऊ लागल्या. वस्तीतल्या माणसांनी, कोणी हात लावायचा नाही, असे ठरवले होते.

दिनांक ९ मे, बुधवारी सकाळी साडेसहाला माझ्या पतींनी दोर घेतला. मला म्हणाले, "सुनेत्राला बाहेर येऊ देऊ नको." मी बाहेरून कडी लावली. नागनाथ धावत आले आणि आडवे उभे राहिले. म्हणाले, "दादा, हात लावू नका. तुमी ओढला तर उद्या समद्यांना ओढावा लागंल."

माझे पती म्हणाले, "मी ओढला त्याला दोन महिने झाले, नागनाथ."

नागनाथ बाजूला झाले. दोर बांधला, परंतु एकट्याने बैल हलत नव्हता. कोणी पुढे आले नाही. मग मी दोर धरला. त्यांनी मला नको म्हटले नाही. थांबत थांबत आम्ही दोघांनी ओढला. वाट माधवरावांच्या घरापुढूनच आहे. ओट्यावर माधवराव, अप्पाराव व इतर सहा-सात इसम उभे होते. अप्पारावांनी टाळी वाजवली आणि "वन्स मोअर" म्हणाले. इतर हसले. माधवराव हसले नाहीत. ते पान लावत होते.

माझ्या पतींनी दोर टाकला, कंबरेत वाकले, हात मातीला लावून कपाळाला लावला आणि "जोहार मायबाप" म्हणाले. त्यांना तसे करायला कोणी सांगितले नव्हते. हसणे थांबले. ते वाकले ते उठेनात. मी त्यांच्या दंडाला धरून त्यांना उभे केले. त्यांचा दंड थंड लागला, तेवढ्या उन्हात. मग आम्ही बैल ओढ्यापलीकडे नेऊन टाकला. तेव्हा साडेनऊ वाजले असावेत.

तिथे ते म्हणाले, "तू हो पुढं, पोरगी कोंडलेली हाय. मी नदीवर हातपाय धुऊन येतो." पूर्णा नदीच्या धरणाचे पाणी तिथून दीड मैल आहे. मी घरी आले. यापेक्षा जास्त बोलणे झाले नाही. मी मागे वळून बघितले का असे विचारता, बघितले नाही.

दुपारपर्यंत ते आले नाहीत म्हणून मी नागनाथांना सांगितले. नागनाथ व वस्तीतल्या माणसांनी दिवस मावळेपर्यंत शोधले. दिनांक १० मे रोजी सकाळी अकराच्या सुमारास मासे धरणाऱ्या भोयांना प्रेत दिसले. मी जाऊन ओळखले. वहाणा काठावर होत्या. धोतर धुऊन, पिळून दगडावर वाळत घातलेले होते. वाळून कडक झाले होते.

पाय घसरून पडले असावेत काय असे विचारता सांगते की, तिथे पाणी छातीएवढे आहे. माझे पती पूर्णेच्या काठी वाढले. त्यांना पोहता येत होते.

त्यांना काही आजार किंवा व्यसन होते काय असे विचारता, नव्हते.

काल प्रेताचा पंचनामा झाला, त्यावर पंच म्हणून माधवरावांची सही आहे असे मला आज कळले. मला त्याबद्दल कोणी विचारले नव्हते.

काल सायंकाळी अंत्यविधी झाला. नागनाथ निळे कापड घेऊन आले. ते रडत होते. कापड घातले.

माझा कोणावर संशय आहे काय असे विचारता सांगते की, संशय म्हणावा असे यात काही नाही. जे झाले ते दिवसाउजेडी, सगळ्या गावासमोर झाले. अप्पाराव, मुकादम व ट्रॅक्टरवाल्याचे नाव मी घेतले आहे. हिरोचे नाव घेतले होते. माझेही लिहून घ्या असे मी म्हणाले. एक दिवसाचं तर हाय, हे मी बोलले होते. त्याची जबाबात आवश्यकता नाही असे मला समजावण्यात आले. मी पुन्हा सांगितल्यावरून लिहिले आहे. मुलीचे बोलणे मात्र खोडावे अशी मी विनंती केली. एकदा लिहिलेले खोडता येत नाही असे सांगण्यात आले.

तो सिनेमा अजून लागलेला नाही. दिवाळीपर्यंत परभणीला लागेल असे बन्सीधर सांगत होते. माझी मागणी एकच आहे. सिनेमाचे रोज तीन खेळ होतात. गावोगाव होतात. माझे पती आता मातीत आहेत आणि तिकडे रोज तीन वेळा वाकणार. तेवढा तुकडा सरकारने कंपनीला सांगून काढून टाकावा. त्यावर, हे काम या पोलीस स्टेशनच्या हद्दीतले नाही, असे मला सांगण्यात आले. मी ते ऐकले.

याखेरीज मला सांगायचे नाही. लिहिलेले सर्व जमादारांनी मला सावकाश वाचून दाखवले. दोन ठिकाणी मी त्यांना थांबायला सांगितले व ते थांबले. जसे घडले व जसे मी सांगितले तसेच ते उतरले आहे, म्हणून खाली अंगठा देते.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, सगुणाबाई भ्रतार सटवाजी वाव्हळे. खडी फोडून बोटाच्या रेषा झिजल्याने ठसा नीट उठला नाही, सबब पुन्हा घेतला. तिसऱ्या वेळी उठला.

लिहिणे दुपारी दीड वाजता संपले.